वस्तीने बांधलेले शौचकूप

मोठ्या शहराचे वर्णन करणारे लेखक त्याच्या उंच इमारतींविषयी, रुंद रस्त्यांविषयी आणि गजबजलेल्या बाजारपेठांविषयी पुष्कळ लिहितात. शहरातील लाखो माणसे सकाळी उठल्यावर शौचास कोठे जातात, हा प्रश्न मात्र त्या वर्णनात सहसा येत नाही. चारचौघांत हा विषय काढणे शिष्टाचाराला सोडून आहे, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या वस्तीत घरोघरी शौचकूप नाही, तेथील माणसाचा दिवस याच प्रश्नाने उजाडतो. शिष्टाचारासाठी तो बाजूला सारण्याची सोय त्याला नसते.

एक साधे गणित मांडून पाहावे. समजा, एका वस्तीत शंभर माणसांमागे एकच शौचकूप आहे, आणि प्रत्येक माणसाला सरासरी पाच मिनिटे लागतात. शंभराव्या माणसाची पाळी येईपर्यंत आठ तासांहून अधिक वेळ जाईल. मग ज्याला सात वाजता कामावर पोचायचे आहे त्याने काय करावे? ज्या मुलीची शाळा सकाळची आहे तिने काय करावे? पुरुष रेल्वेच्या रुळांकडे किंवा खाडीच्या काठाकडे वळतात. स्त्रिया अंधाराची वाट पाहतात. पहाटे उजाडण्यापूर्वी किंवा रात्री दिवेलागणीनंतर त्या बाहेर पडतात. दिवसभर जावे लागू नये म्हणून त्या पाणीसुद्धा कमी पितात, आणि त्यामुळे आजारी पडतात. लहान मुलांना तर कोणी रांगेत उभेच राहू देत नाही. मोठी माणसे घाईत असतात. ती मुलाला बाजूला सारून पुढे जातात. अखेर मूल घरासमोरच्या गटाराच्या काठावर बसते.

याचे परिणाम केवळ डोळ्यांना व नाकालाच भोगावे लागतात असे नाही. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ यांसारख्या रोगांचे जंतू माणसाच्या मलातून बाहेर पडतात आणि दुसऱ्या माणसाच्या तोंडावाटे त्याच्या पोटात जातात. हा प्रवास अनेक वाटांनी होतो. माशी उघड्या घाणीवर बसते व तेथून भाकरीवर येते. फुटक्या नळातून गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात शिरते. न धुतलेला हात ताटाला लागतो. लहान मुलाची विष्ठा निरुपद्रवी असते, असा एक समज घरोघरी आढळतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. लहान मुलांनाच जुलाबाचे विकार अधिक होतात, आणि म्हणून त्यांच्या विष्ठेत रोगजंतू असण्याचा संभवही अधिक असतो.

मग नगरपालिकांनी सार्वजनिक शौचकूप बांधले नाहीत काय? बांधले, परंतु त्यांपैकी पुष्कळांची कथा एकाच वळणाने गेली. कचेरीत बसून आराखडा तयार होई, कंत्राटदार येऊन इमारत उभी करी, आणि वस्तीतील माणसांना त्या कामाची वार्ता भिंती वर येऊ लागल्यावर कळे. पाण्याची टाकी असे, पण टाकीत पाणी नसे. दरवाज्यांच्या कड्या तुटत. झाडण्यासाठी नेमलेला माणूस कधी येई, कधी येत नसे. दिवे नसल्यामुळे रात्री तेथे जाण्यास स्त्रियांना भय वाटे. काही महिन्यांत ती जागा अशी होई की, उघड्यावर बसणे त्यापेक्षा बरे! नगरपालिका म्हणे, ‘या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही.’ लोक म्हणत, ‘नगरपालिकेला आमची पर्वाच नाही.’ दोघांच्याही बोलण्यात थोडेफार तथ्य होते, आणि त्यामुळेच कोणाचेही पाऊल पुढे पडत नव्हते.

सवय बदलणे हे काम वाटते तितके सोपे नाही. ‘स्वच्छता राखा’ अशी पाटी लावल्याने कोणाची सवय बदलल्याचे उदाहरण विरळाच. महाराष्ट्राला या कामातील एक थोर गुरू लाभले होते. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की प्रथम हाती खराटा घेत व रस्ते झाडू लागत. कीर्तन रात्री होई. कीर्तनातही ते उपदेशाचा भडिमार करीत नसत. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. स्वतः दिलेले उत्तर माणसाला सहजासहजी नाकारता येत नाही, ही खूण त्यांनी ओळखली होती. परंतु गाडगेबाबांचा खराटा ज्या गावात फिरला, त्या गावात मोकळी जागा तरी होती. मुंबईच्या दाट वस्तीत सवय बदलायची म्हटली, तरी ती नवी सवय आचरणात आणण्यास जागा कोठे होती? तेथे लोकांची समजूत पालटणे आणि सत्ताधाऱ्यांपुढे आपली बाजू मांडणे, ही दोन्ही कामे एकदमच करावी लागणार होती.

अशी कामे करण्यास काही माणसे कशी शिकली, याचा वृत्तांत मोठा उद्‌बोधक आहे.

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात वाढलेला जोकिन अर्पुतम नावाचा तरुण १९६३ साली पोटासाठी मुंबईत आला. तो सुतारकाम करी. त्याला डोके टेकण्यास जागा मिळाली ती तुर्भ्याकडील जनता कॉलनी नावाच्या झोपडपट्टीत. तेथे कचऱ्याचे ढीग साचत, आणि ते उचलण्यास कोणी फिरकत नसे. अर्जविनंत्यांचा उपयोग होत नव्हता. जोकिनने वस्तीतील मुले गोळा केली. प्रत्येक मुलाने थोडथोडा कचरा बांधून घेतला, आणि ती सारी पलटण नगरपालिकेच्या कचेरीपाशी जाऊन तो कचरा तेथे टाकून आली. हा प्रसंग जोकिन यांनी पुढे स्वतःच सांगितलेला आहे. अधिकारी संतापले, हे उघडच आहे. परंतु त्यानंतर बोलणी झाली आणि वस्तीतील कचरा उचलला जाऊ लागला.

याच प्रकारची गोष्ट त्यापूर्वी शंभर वर्षे लंडन शहरात घडली होती. तेथे मात्र ती कोणी घडवून आणली नव्हती. ती आपोआपच घडली. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीत सोडलेल्या मैल्याची दुर्गंधी इतकी वाढली की, नदीकाठच्या पार्लमेंटच्या सभागृहात सभासदांना बसणे अशक्य झाले. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडच्या द्रावणात भिजवून पाहिले, व्यर्थ! वर्षानुवर्षे रेंगाळलेला भुयारी गटारांचा प्रश्न मग अवघ्या अठरा दिवसांत कायदा करून मार्गी लावण्यात आला. गरिबांच्या वस्त्यांत पटकीने हजारो माणसे मेली तेव्हा जे झाले नाही, ते दुर्गंधी सभागृहाच्या दारात पोचताच झाले. राज्यकर्ते दुष्ट होते असा याचा अर्थ नाही. जे आपल्या नाकापर्यंत येत नाही त्याची निकड माणसाला भासत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तथापि कचरा नेऊन टाकणे हा एक दिवसाचा उपाय झाला. जनता कॉलनीलाही पुढे सुख लाभले नाही. १९७६ साली ती वस्ती पाडण्यात आली व तेथील लोकांना चीता कॅम्प येथे हलविण्यात आले. केवळ रोष दाखवून भागत नाही, आपल्यापाशी माहिती हवी, पैसा हवा आणि काम करून दाखविण्याची तयारीही हवी, ही जाण या कार्यकर्त्यांना हळूहळू येत गेली.

माहितीचे महत्त्व भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांनी ओळखले. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने त्यांच्यामध्ये काम आरंभिले होते, आणि १९८५ मध्ये पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांची मोजणी करण्यात आली. तोवर ही माणसे कोणाच्या हिशेबात नव्हती. शिधापत्रिका नाही, पत्ता नाही, नोंद नाही. मोजणी झाल्यावर ‘बरीच माणसे आहेत’ असे मोघम बोलण्याचे कारण उरले नाही. कुटुंबे किती, ती कोठून आली, कोणत्या कामावर जातात, पाणी कोठून भरतात, हे सारे कागदावर आले. पुढे १९८६ मध्ये या स्त्रियांनी ‘महिला मिलन’ नावाचा संघ उभारला. दररोज घरोघर फिरून रुपया-दोन रुपये बचत गोळा करणे हे त्याचे मुख्य काम. बचतीची रक्कम लहान असे, पण तिच्या निमित्ताने प्रत्येक घरी रोजची फेरी होई, आणि कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची मुले शाळेत जात नाहीत, नळ किती दिवस कोरडा आहे, हेही कळे. जोकिन अर्पुतम यांची ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’ ही संघटना, ‘महिला मिलन’ आणि ‘स्पार्क’ अशा तिघांनी मिळून पुढची कामे हाती घेतली.

या मंडळींची शिकण्याची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. एका वस्तीतील बायका दुसऱ्या शहरातील वस्तीत जात व आपण काय केले ते तेथील बायकांना सांगत. शिकविणारीही झोपडीत राहणारी आणि शिकणारीही झोपडीत राहणारी. त्यामुळे ‘तुम्हाला आमच्या अडचणी काय ठाऊक?’ असे म्हणण्यास कोणाला वावच राहत नसे. पुष्कळदा त्या लाकडाच्या व कापडाच्या साह्याने घराची खऱ्या मापाची प्रतिकृती उभी करीत. कागदावरचा नकाशा सर्वांना वाचता येत नाही. उभ्या केलेल्या खोलीत मात्र कोणीही शिरून, हात पसरून, ‘येथे जागा कमी पडते’ असे सांगू शकतो.

या साऱ्या शिक्षणाची कसोटी लागली ती पुण्यात. १९९९ साली पुणे महानगरपालिकेचे आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी झोपडपट्ट्यांतील शौचकूप बांधण्यासाठी व ते चालविण्यासाठी सेवाभावी संस्थांना पुढे येण्याचे आवाहन केले. खर्च महानगरपालिकेने द्यायचा. आखणी, बांधकाम व पुढची देखभाल संस्थांनी वस्तीच्या साह्याने पाहायची, असा करार होता. ‘स्पार्क’ व तिच्या सोबतच्या संघटना या कामात उतरल्या, आणि ‘महिला मिलन’च्या कित्येक स्त्रिया चक्क कंत्राटदार झाल्या!

हे वाचावयास जितके सोपे आहे तितके करावयास नव्हते. या स्त्रियांना बांधकामाचा नकाशा वाचता येत नव्हता. सिमेंट किती लागते, सळई कोणत्या जाडीची घ्यायची, मजुरांचा हिशेब कसा ठेवायचा, हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. दुकानदार त्यांना उधारीवर माल देण्यास कचरत. बायकांच्या हातून हे काम पार पडेल, यावर अभियंत्यांचाही प्रारंभी विश्वास नव्हता. त्या विचारून विचारून शिकल्या. एका दुकानी भाव ऐकावा, दुसऱ्या दुकानी तो पडताळून पाहावा. आज पाया खणताना जे चुकले ते पुढच्या इमारतीच्या वेळी टाळावे. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या या स्त्रियांनी काही महिन्यांत जे आत्मसात केले, ते पुस्तकी ज्ञानाहून कमी प्रतीचे होते असे कोण म्हणेल?

आराखड्याच्या बाबतीत तर त्यांनी जुन्या अभियंत्यांनाही चार गोष्टी शिकविल्या. रांगेत उभे राहण्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता, अभियंत्यांपाशी नव्हता. पूर्वी स्त्रिया व पुरुष समोरासमोर रांगा लावून उभे राहत. नव्या इमारतींत दोघांची प्रवेशद्वारे व रांगा वेगळ्या केल्या. हातात बादली घेऊन आत जाताना दाराशी झटापट करावी लागते, म्हणून दारे दोन्ही बाजूंना उघडतील अशी बसविली. उजेड व वारा यांची सोय केली. पाण्याच्या मोठ्या टाक्या बांधल्या, कारण पाण्यावाचून शौचकूप म्हणजे तेलावाचून दिवा. म्हाताऱ्या व अपंग माणसांचा विचारही काही इमारतींत झाला. काही ठिकाणी वरच्या मजल्यावर वस्तीच्या सभांसाठी खोली बांधली. सभा, वर्ग, पाहुणे अशा निमित्ताने ज्या इमारतीत रोज माणसे येतात, ती इमारत घाण ठेवणे लोकांनाच लाजिरवाणे वाटू लागते.

आणि मुलांसाठी स्वतंत्र शौचकूप बांधले. या साऱ्या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट कोणती, असे विचारले तर हीच सांगावी लागेल. मोठ्या माणसांच्या शौचकूपात जाण्यास लहान मुले भितात, कारण भांडे मोठे, भोक मोठे. आपण आत पडू अशी धास्ती त्यांना वाटते. शिवाय काळोख व दुर्गंधी असतेच. ही भीती खोटी आहे असे म्हणून मुलाला आत ढकलणे हा उपाय नव्हे. या इमारतींत मुलांच्या मापाची लहान भांडी बसविली, तोल जाऊ नये म्हणून धरावयास मुठी लावल्या, आणि भोक लहान ठेवले. मोठ्यांच्या रांगेशी मुलांचा संबंधच उरला नाही. गटाराच्या काठी बसणाऱ्या मुलाला रागावून जी सवय लागली नसती, ती त्याच्या उंचीची जागा करून दिल्याने लागण्याचा मार्ग मोकळा झाला. मूल पाच-सहा वर्षांचे असताना जी सवय जडते ती बहुधा जन्मभर टिकते, हे वेगळे सांगावयास नको.

आता खर्चाचा प्रश्न. वापरणाऱ्याने दर वेळी एक रुपया द्यावा, अशी पद्धत अनेक सार्वजनिक शौचकूपांत होती. पाच माणसांच्या कुटुंबाने दिवसाकाठी एकेकदा जायचे म्हटले, तरी महिन्याला दीडशे रुपये होतात. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला त्या काळी हा मोठाच भुर्दंड होता, आणि मग पहिली काटकसर मुलांच्या बाबतीत होई. म्हणून पुण्याच्या या योजनेत कुटुंबाला महिन्याचा पास देण्याची कल्पना पुढे आली. वीस-पंचवीस रुपयांत सारे कुटुंब महिनाभर कितीही वेळा जाऊ शके. या पैशातून राखणदाराचे वेतन व सफाईचे साहित्य भागवायचे. राखणदाराला इमारतीतच कुटुंबासह राहण्यास खोली दिली की, त्याला निवारा मिळे आणि इमारतीवर रात्रंदिवस लक्षही राही.

राखणदाराच्या कामाविषयी येथे थोडे अधिक सांगितले पाहिजे. शौचकूप तुंबतो तो पुष्कळदा त्यात टाकलेल्या चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या व दगड यांमुळे. टाकणारा माणूस क्षणात निघून जातो. तो बोळा काढण्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. आपल्या देशात शतकानुशतके हे काम ठरावीक जातींच्या माथी मारले गेले, आणि वर त्या माणसांनाच अस्पृश्य ठरविले गेले. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ व २०१३ या वर्षी झाले. तरीही गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरलेला कामगार विषारी वायूने गुदमरून मेल्याच्या वार्ता अजून वृत्तपत्रांत येतात. शौचकूपात काय टाकावे व काय टाकू नये ही बाब म्हणूनच केवळ टापटिपीची राहत नाही. तिच्याशी कोणाच्या तरी प्राणांचा संबंध येतो.

पुण्यातील काम १९९९ ते २००१ या काळात झपाट्याने झाले. निरनिराळ्या संस्थांच्या हातून मिळून चारशेहून अधिक इमारती व दहा हजारांहून अधिक शौचकूप उभे राहिले. इतक्या थोड्या अवधीत इतके काम पुण्यात पूर्वी कधी झाले नव्हते. याचे एक कारण असे की, आयुक्त दर आठवड्याला अधिकारी व संस्था यांची एकत्र बैठक घेत. जागेची अडचण असो, पाण्याच्या जोडणीची असो, की स्थानिक पुढाऱ्याच्या हरकतीची असो, ती तेथेच मांडली जाई. ज्या स्त्रिया पूर्वी कचेरीच्या व्हरांड्यात ताटकळत, त्या आता मेजापाशी बसून, हातातील आकड्यांच्या आधारे आपले म्हणणे मांडू लागल्या. त्यांचा सूर तक्रारीचा राहिला नव्हता. ‘आम्ही हे बांधून दाखविले आहे, आता येऊन पाहा,’ असे त्या सांगू शकत होत्या, आणि अधिकारी येऊन पाहतही होते. नव्या इमारतीचे उद्घाटन असले की वस्तीत उत्सव साजरा होई. शौचकूपाचे उद्घाटन ही हसण्याची बाब आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी पहाटेच्या अंधारात बाहेर पडणाऱ्या स्त्रीला त्याविषयी विचारावे.

जून २००१ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेचे एक खास अधिवेशन भरले होते. विषय होता जगातील मानवी वस्त्यांचा. त्या वेळी संघाच्या मुख्य इमारतीच्या दालनात या संघटनांनी एक घर व मुलांच्या शौचकूपांसह एक शौचालय यांची खऱ्या मापाची प्रतिकृती उभी केली. देशोदेशींचे प्रतिनिधी तेथून ये-जा करीत होते. संघाचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनीही ती प्रतिकृती पाहिली. जो विषय चारचौघांत काढू नये असे मानले जाते, तो अशा रीतीने जगाच्या सभागृहात जाऊन उभा राहिला.

वस्तीची समिती जागरूक राहील, पास नियमाने काढले जातील, नळाला पाणी येईल, तोवरच अशी इमारत नीट चालते. यांतील एक धागा तुटला की जुनीच अवकळा येण्यास वेळ लागत नाही. इमारत बांधण्यास काही महिने पुरतात. ती चालविणे हे रोजचे काम आहे. पहाटे राखणदार टाकीतील पाणी पाहतो, फरशी धुतो, दिवा मालवतो. मग रांगा लागू लागतात. एकीकडे स्त्रियांची, दुसरीकडे पुरुषांची. मुलांच्या बाजूला मात्र मोठ्या माणसांपैकी कोणीही रांगेत उभे नसते.